निबंधाची मोडणी

त्या विषयाचे नाव वेळापत्रकात ‘समाजशास्त्रीय सिद्धांत’ असे भारदस्त छापलेले असे; विद्यापीठाच्या जिन्यांवर मात्र सगळे त्याला ‘मोडणी’ म्हणत. तो शिकवणाऱ्या बाईंची एक पद्धत होती, आणि तिच्या नुसत्या उल्लेखाने भल्याभल्यांच्या तोंडचे पाणी पळे. सत्रभर अभ्यासलेल्या सिद्धांतांपैकी एक निवडायचा, तो आपल्या अगदी जवळच्या एखाद्या जगाला लावून निबंध लिहायचा, आणि मग सगळ्या वर्गासमोर उभे राहून स्वतःचाच तो निबंध मोडून दाखवायचा. लिहिण्याला जितके गुण, तितकेच मोडण्याला. आपले लिखाण कुठून तुटते हे ज्याला ठाऊक नाही, त्याला ते कशावर उभे आहे हेही ठाऊक नसते, असे बाईंचे म्हणणे. शिवाय ज्यांच्याविषयी निबंध लिहिला, त्यांना त्या दिवशी वर्गात येऊन बसायची मुभा असे. तुम्ही लोकांविषयी लिहिता, तर लोकांनी ऐकायचे नाही का, असे त्या विचारीत आणि उत्तराची वाट न पाहता फळा पुसू लागत.

त्या वर्गातल्या एका मुलाच्या दृष्टीने यातला एकही भाग सोपा नव्हता. तो बोलायचाच मुळी इतका हळू, की वर्गाने त्याचे नाव ‘कुजबुज’ ठेवले होते. हजेरीच्या वेळी शेजारच्याला त्याच्या वतीने हात वर करावा लागे. त्याच्या घरची लॉन्ड्री होती. जन्मभर वाफेच्या फुसफुसाटात वाढलेल्या माणसाचा आवाज दुसरा कसा असणार, असे वकील म्हणे. वकील ही त्याची वर्गमैत्रीण. कायद्याशी तिचा काडीचा संबंध नव्हता. पण कँटीनमध्ये चहा गार मिळाला तरी ती बाजू मांडायला उभी राही, म्हणून ती वकील. त्यांच्यातला तिसरा खडू. कोणी काहीही समजावून सांगू लागले की हा उठून फळ्यावर त्याचे चित्र काढी, आणि त्याच्या बाह्या सदैव पांढऱ्या असत. लॉन्ड्रीवाल्याच्या मुलाने त्याच्याशी मैत्री करावी यात काहीतरी संकेत आहे, असा एक विनोद त्या तिघांत चाले.

सुरुवातीचे आठवडे सगळेच डोक्यावरून गेले. वाचायला दिलेल्या पानांवर वरच्या टोकाला सुरू झालेले वाक्य पान उलटले तरी क्रियापदाला भेटत नसे. वाचनालयाच्या खिडकीशी ही तीन डोकी एकाच पानावर झुकलेली असत, आणि खालच्या हिरवळीवर दुसऱ्या विषयांची मुले निवांत पहुडलेली दिसत. तो त्या पानांकडे बंद दुकानाच्या काचेतून आत पाहावे तसा पाही. आत काहीतरी मांडून ठेवले आहे एवढे कळे, पण काय ते नाही. आणि मग एका दुपारी, का कोण जाणे, एक परिच्छेद उघडला. समाज हा देहासारखा आहे, त्यातला प्रत्येक अवयव आपापले काम करतो आणि त्या कामांच्या मेळातूनच सगळ्याचा तोल राहतो, एवढेच त्यात म्हटले होते. पण हे वाचताना त्याला एकदम घरचे दुकान दिसले. तो ते हळूच म्हणाला. दोघांनी त्याला पुन्हा म्हणायला लावले, आणि खडू शेजारच्या रिकाम्या वर्गातल्या फळ्याकडे धावला.

त्यानंतर ती अवस्था आली, जी या विषयाच्या विद्यार्थ्यांना कांजिण्यांसारखी एकदा येतेच. जिकडे पाहावे तिकडे सिद्धांत दिसू लागले. मैत्रिणीच्या वाढदिवसाला वकिलाने भेटवस्तूंच्या देवघेवीमागचे अलिखित करार इतके खुलवून सांगितले, की केक कापायचा राहिला आणि दोघीजणी रडल्या. खडूने आपल्या आईला सांगितले की तुझी काळजी ही तुझी नव्हेच, ती समाजाने तुझ्यात घडवलेली आहे. मग आज समाजच वाढेल तुला जेवायला, असे म्हणून आई शेजारणीकडे जाऊन बसली. तो मात्र बोलून कोणाला दुखवणाऱ्यांतला नव्हता. तो नुसता पाहत राही. घरी परतला की दुकानाच्या मागच्या दाराशी पुस्तक मांडीवर घेऊन बसे आणि पाहत राही.

पाहण्यासारखे होतेही. वडील लांब टेबलाशी उभे असत. इस्त्रीच्या तळाला ओले बोट क्षणभर टेकवून त्या चर्र आवाजावरून ते ठरवीत की ती आता रेशमावर फिरवायची की सुतावर. आई आतल्या बाजूला, खिडकीखालच्या मोरीशी, डागांच्या मागे. डाग कशाचा ते कळल्याशिवाय ती पाण्याचा थेंबही टाकत नसे. गिऱ्हाईक सांगायला लाजले की ती त्या कपड्याचा वास घेई आणि काही न बोलता बाटली निवडी. आणि पुढे काउंटरवर ताई. आलेल्या प्रत्येक कपड्याचे खिसे ती उलटे करी, किल्ल्या नि तिकिटे काढून ठेवी, कॉलरला कापडी बिल्ला टाचताना निम्मे शहर तिच्याशी बोलून जाई. बटण हरवले म्हणून तावातावाने आलेला माणूस तिच्यासमोर दोन वाक्यांत निवे. ताई पूर्वी भूगोल शिकत होती. वडिलांच्या गुडघ्याने दगा दिला तेव्हा काही दिवसांपुरती म्हणून ती काउंटरवर बसली. वडील बरे झाले, पण ते काही दिवस संपल्याचे कोणाच्या लक्षात आले नाही.

त्याने निबंध लिहिला तो एका बैठकीत नव्हे, पण एका श्वासात लिहिल्यासारखा उतरला. इस्त्री, मोरी आणि काउंटर, यांतले एक जरी थांबले तरी दुकान कसे आजारी पडते; कुणीही हुकूम न सोडता ही कामे एकमेकांना कशी ओळखतात; आईने डाग काढलेला कोट वडिलांच्या हातात येताना दोघांची नजरानजर देखील होत नाही, तरी कोणत्या बाहीला जपायचे ते वडिलांना कसे ठाऊक असते. ताईविषयी त्याने लिहिले होते, ‘काउंटर हे तिचे स्वाभाविक स्थान आहे.’ बाईंनी निबंध परत दिला तेव्हा समासात एकच शब्द होता. ‘सुंदर.’ बाई हा शब्द वर्षाकाठी एखाद्यालाच देत, असे जुनी मुले सांगत.

वडिलांच्या अंगावर तर मूठभर मांस चढले. त्यांनी निबंध काउंटरशेजारी ठेवला आणि चष्मा नाकावर उतरवून येणाऱ्याजाणाऱ्याला त्यातले तुकडे वाचून दाखवायला सुरुवात केली. ज्यांना घाई होती तेही ऐकत, कारण पावती ताईच्या हातात असली तरी पँट वडिलांच्या हातात असे. ‘स्वाभाविक स्थान’ हे शब्द त्यांना फार आवडले होते. ताई तर या काउंटरसाठीच जन्माला आली आहे, हे मी म्हणत होतो ना, आता विद्यापीठानेही तेच म्हटलेय, असे ते सांगत. आईने ओल्या हातांनीच पदराने डोळे टिपले. ताई हसली, छान लिहिलंस म्हणाली, आणि पुढच्या कोटाचे खिसे उलटे करू लागली.

आता राहिले मोडणे. यासाठी वर्गात एक जुनी युक्ती प्रचलित होती आणि ती मोठ्यांकडून धाकट्यांकडे इमानाने दिली जाई. निबंध लिहितानाच एक वीट मुद्दाम सैल ठेवायची, आणि मोडणीच्या दिवशी तीच काढून दाखवायची. वकिलाने वाचनालयाच्या रांगेवर लिहिताना अशीच एक ठेवली होती. मोडणीच्या दिवशी तिने ती अशा काही आवेशाने काढली की टाळ्या पडल्या. बाई एवढेच म्हणाल्या की वीट चांगली होती, विशेषतः तिच्याभोवती चुनाच लावलेला नसल्यामुळे. पण पास केले. त्याने मात्र निबंधात सैल असे काही ठेवलेच नव्हते. त्याला सुचलेच नव्हते.

म्हणून त्याच्या पाळीच्या आदल्या दिवशी तिघे रिकाम्या वर्गात जमले. वकील आक्षेप घेणार, तो उत्तर देणार, आणि खडू फळ्यावर सगळे मांडणार असे ठरले. तासभर झटापट झाली. शेवटी एक बरा मुद्दा सापडला: गर्दीच्या हंगामात वडील आणि आई यांच्यात कपड्यांच्या क्रमावरून रोज खटके उडतात, देहाचा दाखला अशा भांडणाला जागा देत नाही. हा मुद्दा खरा होता, पुरेसा होता, आणि कोणालाही लागणार नव्हता. वकिलाने निकाल जाहीर केला की आरोपी सुटला.

तेवढ्यात खडू, जो मघापासून पाठ करून चित्र रेखीत होता, बाजूला झाला. फळ्यावर तीन वर्तुळे होती, त्यांच्यामधून बाण गेले होते. हातातला खडू चौथ्या वर्तुळासाठी तयार ठेवून त्याने अगदी साधेपणाने विचारले, “आणि तुझ्यात काय लिहू?”

तो फळ्याकडे पाहत राहिला. वर्तुळात लिहिण्यासारखे काय होते? त्याचे सदरे वडील इस्त्री करीत. त्याच्या बाहीवरची शाई आई काढी. त्याला विद्यापीठाला उशीर होऊ नये म्हणून काउंटर ताई सांभाळी. इतके दिवस मागच्या दाराशी बसून त्याने सगळ्यांना पाहिले होते, बोट ठेवून प्रत्येकाची जागा दाखवली होती, आणि ज्याच्या डोळ्यांनी हे सगळे पाहिले तो एक माणूस त्या घरात राहतच नसल्यासारखा निबंधातून गळला होता. अशी चूक आईकडून कधी झाली नसती, वडिलांकडून नाही, गल्लीतल्या कोणाकडूनही नाही. घरात बसून घर मोजताना स्वतःला वगळायची चूक करायला समाजशास्त्र शिकावे लागते.

रिकामे सोड, असे तो म्हणाला. त्याचा आवाज नेहमीपेक्षाही बारीक निघाला, आणि या वेळी त्यांनी त्याला पुन्हा म्हणायला लावले नाही.

घरी जाताना तो मुद्दाम लांबच्या रस्त्याने गेला. दुकाने बंद होऊ लागली होती, कोणी फुटपाथ धूत होते. आता त्याच्याजवळ दोन मोडण्या होत्या. एकीने तो पास होणार होता आणि वडिलांचा आनंद शाबूत राहणार होता. दुसरी मांडायची तर ज्या वाक्यावर वडिलांची छाती फुगली होती तेच त्यांच्यासमोर पाडावे लागणार होते. आणि ताईला, जिने कधी तक्रारीचा शब्द काढला नव्हता, भर वर्गात लोकांच्या नजरेपुढे आणून उभे करावे लागणार होते. त्याला असे करण्याचा हक्क होता का? आणि न करण्याचा? घरी पोहोचला तेव्हा वडील स्वतःच्या कोटाला इस्त्री करीत होते. उद्या दुकान अर्धा दिवस बंद राहणार, अशी पाटी त्यांनी दारावर लावूनही टाकली होती.

दुसऱ्या दिवशी आईवडील आणि ताई शेवटच्या बाकावर येऊन बसली. वडिलांचा कोट असा कडक होता की ते टेकून बसायला धजत नव्हते. आई बाकावर कोरलेली नावे बोटाने चाचपीत होती. ताई भिंतीवर टांगलेल्या जगाच्या नकाशाकडे पाहत होती.

बाईंनी खिडक्या लावून घेतल्या, म्हणजे बाहेरचा आवाज नको. त्याने सुरुवात केली ती गर्दीच्या हंगामापासून. खटके, कपड्यांचा क्रम, तोल आणि भांडण. शब्द एकामागून एक नीट आले. आईवडिलांनी एकमेकांकडे चोरून पाहिले आणि वर्गात हशा पिकला. बाईंनी मान डोलावली, काहीतरी टिपले आणि विचारले, “झालं?”

वडिलांचा चेहरा उजळून गेला होता. टाळ्या वाजवायला त्यांनी हात अर्धवट उचललेही होते. त्याला फक्त ‘हो’ म्हणायचे होते.

“नाही,” तो म्हणाला. “एक राहिलं.”

आणि मग त्याने ते सांगितले, कागदाकडे न पाहता. “आमच्या घरात चार माणसं आहेत आणि माझ्या निबंधात तीनच. दुकान चालतं, म्हणून प्रत्येकाची जागा योग्य आहे, असं मी लिहिलं. पण त्या जागा कोणी ठरवल्या, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर माझी जागा सांगावी लागली असती.” तो थांबला. शेवटच्या बाकाकडे पाहायचे नाही असे त्याने ठरवले होते. आता त्याने पाहिले. “माझी ताई काउंटरवर आहे, कारण मी इथे आहे. हे स्वाभाविक नाही. हे आम्ही केलंय. आणि हा सिद्धांत मला इतका आवडला, कारण त्यात हे दिसत नाही.”

वकील, जिला कधी शब्द कमी पडत नसत, आपल्या नखांकडे पाहत होती. बाईंनी लेखणी खाली ठेवली आणि नेहमीप्रमाणे, ज्यांच्याविषयी हे लिहिले गेले त्यांना काही म्हणायचे आहे का, असे विचारले. वडील उठले. त्यांनी कोटाचे बटण लावले, पुन्हा काढले.

“निबंध चांगला होता,” वडील सावकाश म्हणाले. “मी गिऱ्हाइकांना वाचून दाखवलाय. अर्ध्या गावाला.” मग त्यांनी बटण पुन्हा लावले. “आता हेही सांगावं लागेल.”

वर्ग हसला, पण ते हसले नाहीत. त्यांनी मुलाकडे पाहिले, आणि त्या पाहण्यात जखम होती, हे त्याला दिसले. पण ती नजर खाली गेली नाही. एखादा अवघड कपडा आपल्याला न विचारता दुसऱ्या कोणी नीट घडी घातलेला पाहावा, तशी ती त्याच्यावर रेंगाळली. बाईंनी गुण सांगितले नाहीत, ते नंतर लागायचे होते. पण दाराशी त्यांनी वडिलांना थांबवून स्वतः हात पुढे केला, आणि हे त्यांनी आजवर कोणाच्या बाबतीत केले नव्हते, असे खडूने दुसऱ्या दिवशी शपथेवर सांगितले.

परतताना आईवडील पुढे चालले होते. ताई त्याच्या बरोबरीने चालत होती.

“मला बिचारी केलंस का रे तिथे?” ताईने विचारले.

तो म्हणाला, नाही. निदान तसे करायचे नव्हते.

“मग ठीक. कारण काउंटर मला आवडतं, ते तू खोटं नव्हतं लिहिलंस. लोक आवडतात मला.” ती थोडी पुढे गेली आणि त्याच्यासाठी थांबली. “पण आवडतं का, हे मला कोणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही विचारलं स्वतःला. आज त्या बाकावर बसून विचारलं.”

त्याने काय उत्तर आले ते विचारले. ताईने त्याच्याकडे असे पाहिले, जसे ती पावती नसताना कपडे मागणाऱ्याकडे पाही.

“तुझे तास कोणत्या दुपारी नसतात?”

मंगळवारी, शुक्रवारी, त्याने सांगितले. मग त्या दोन दुपारी तू बसायचं, ती म्हणाली, बिल्ले टाचायला मी शिकवीन. तू काय करणार त्या वेळात, असे तो विचारणार होता. पण त्याने तोंड उघडण्याआधीच तिने हात वर केला.

“ते माझं मी बघीन. त्यावर निबंध नको.”

पहिला मंगळवार वाईट गेला. त्याने एका डॉक्टरांचा कोट एका शिक्षिकेला दिला आणि शिक्षिकेची शाल शोधता शोधता हँगरांची अख्खी रांग खाली आणली. त्याच्या आवाजामुळे प्रत्येक गिऱ्हाइकाला काउंटरवर ओणवून कान पुढे करावा लागे, आणि त्यामुळे काउंटरशी सगळे काही गुपित चालले आहे असे दुरून वाटे. आईने आतून दोनदा डोकावून पाहिले आणि हसू लपवीत ती मोरीकडे परतली. वडील टेबलावरून मान वर न करता इस्त्री करीत होते. त्यांचा राग आहे की नाही, हे त्याला त्या दिवसापासून कळलेच नव्हते, आणि विचारण्याइतका धीर त्याच्यात अजून आला नव्हता.

संध्याकाळच्या सुमारास एक जुन्या ओळखीच्या शिंपीणबाई आल्या. काउंटरवर ताई नाही असे कधी पाहिले नव्हते त्यांनी. ती आजारी आहे का, असे त्यांनी विचारले. तो काही म्हणायच्या आत वडिलांनी इस्त्री उभी करून ठेवली आणि टेबलाला वळसा घालून ते पुढे आले.

आजारी नाही, ते म्हणाले. बाहेर गेली आहे. आता मंगळवारी नि शुक्रवारी ती दुपारची इथे नसते.

“अगंबाई. कुठे जाते?”

“सांगत नाही आम्हाला,” वडील म्हणाले. त्यांनी हे असे म्हटले, की शिंपीणबाईंना वाटावे, मुलीने काही मोठे बक्षीस जिंकले आहे. मग त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचा तळवा नेहमीसारखाच गरम होता. “आणि या आमच्या साहेबांनी काय केलं विद्यापीठात, ते ऐकलंत का? बसा जरा. लांब गोष्ट आहे.”

शिंपीणबाईंनी स्टूल ओढून घेतले. वडील सुरुवातीपासून सांगू लागले, निबंध कसा होता, त्यात कोण होते, कोण नव्हते. मोडणीपर्यंत पोहोचल्यावरही ते थांबले नाहीत. त्यांनी त्यातले काहीही गाळले नाही, स्वतःच्या वाट्याचेही नाही. तो मान खाली घालून एका सदऱ्याच्या कॉलरला बिल्ला टाचीत होता. टाचणी दोनदा बोटाला लागली. बाहेर दिवे लागत होते, आणि ताई अजून परतली नव्हती.